तीन नंबरचा बावटा: एका तांडेलाच्या भीतीचं प्रकरण

हर्णै ते दाभोळ या पट्ट्यातल्या एका गावच्या तांडेलाची, म्हणजे मासेमारी बोटीच्या कप्तानाची, ही हकीकत. त्यांची परवानगी घेतली आहे, लिहून झाल्यावर त्यांना आणि त्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, वाचूनही दाखवली आहे. ओळख पटू नये म्हणून वय आणि बोटीचे तपशील थोडे बदललेत. पहिल्या दिवसापासून मी त्यांना ‘तांडेल’ म्हणत आले, इथेही तेच म्हणते.

२०२३ च्या फेब्रुवारीत ते माझ्याकडे, म्हणजे मनोविकारतज्ज्ञाकडे, आले. वय ४६. भावाबरोबर भागीत बोट, बोटीवर सहा खलाशी, दर्यावर जायला लागून तीस वर्षं झालेली. खोलीत शिरल्याबरोबर त्यांनी खिडकी बघितली, दार बघितलं आणि दाराजवळची खुर्ची ओढून घेतली. हातातल्या पिशवीत रिपोर्टांची चळत होती. चार महिन्यांत तीन ईसीजी, एक टूडी एको, एक ट्रेडमिल टेस्ट, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन. सगळं व्यवस्थित. पिशवी टेबलावर ठेवत म्हणाले, “मॅडम, हार्ट चांगलं आहे म्हणतात. मग छाती कोण फोडतंय?”

वहिनी मागे उभ्याच होत्या. बसा म्हटलं तरी बसेनात. त्यांना आधी एकच विचारायचं होतं: “ह्यांना रत्नागिरीला तर नाही ना पाठवणार?” राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. पण आमच्या किनाऱ्यावर ‘रत्नागिरीला नेलं’ म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही. लोक आमच्याकडे उशिरा येतात त्यात या दोन शब्दांचा वाटा फार मोठा आहे. नाही पाठवणार म्हटल्यावर त्या बसल्या.

पहिला झटका

ऑक्टोबर २०२२. रात्रीची वेळ, दर्या शांत, वारा जवळजवळ नाही. जाळं टाकून झालेलं. इंजिनाचा आवाज जरा वेगळा वाटला म्हणून तांडेल खाली इंजिनाच्या खोलीत उतरले. ऑक्टोबरचा उकाडा, डिझेलचा धूर, वाकून उभं राहावं लागेल एवढीच जागा. दोन मिनिटांत छाती धडधडायला लागली. श्वास पुरेना. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, हातपाय गार आणि अंगाला घाम. आपण आता मरतो आहोत याची त्यांना शंका नव्हती, खात्री होती. खलाशांनी वर ओढून घेतलं, बोट माघारी फिरवली. बंदर दिसायला लागलं तोवर सगळं ओसरलं होतं.

पुढच्या महिन्यात असं चार वेळा झालं. मग जमिनीवरही व्हायला लागलं: संध्याकाळच्या लिलावाच्या गर्दीत, खेडला जाताना एसटीत, एकदा देवळात आरती चालू असताना. डिसेंबरपासून त्यांनी दर्यावर जाणं सोडलं. बोट दुसरा तांडेल पगारावर नेऊ लागला. रात्री दोन-अडीचला उठून ते पडवीत बसायचे, फोनवर वाऱ्याचं अ‍ॅप उघडून रंग बघत. झोप यावी म्हणून क्वार्टरमधली अर्धी सुरू झाली होती, फेब्रुवारीपर्यंत ती पूर्ण झाली होती.

घरच्यांनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, गुरवाकडून कौल घेतला. राखण, म्हणजे राखणदार देवाचा मान, द्यायची राहिली आहे असं निघालं. ती दिली. त्यानंतर पंधरा दिवस बरे गेले असं वहिनी म्हणाल्या, आणि त्यावर माझा विश्वास आहे. चार घरं जमली, भावकीतले अबोले त्या निमित्तानं सुटले, भीतीला बाहेरचं का होईना पण कारण मिळालं. मग परत झटका आला आणि त्या वेळी मात्र थोरल्या भावाच्या तोंडून गेलं, “दर्याला भ्यायलास तर माणसांत कसा राहशील?”

हे वाक्य तांडेलांनी मला दोनदा सांगितलं. झटक्याचं वर्णन एकदाच केलं होतं.

निदान

निदान अवघड नव्हतं. अचानक, दहा मिनिटांच्या आत शिगेला जाणारे भीतीचे झटके, पुढचा कधी येईल याची सततची धास्ती, आणि त्या धास्तीपायी जगण्यात केलेली काटछाट. आमच्या भाषेत पॅनिक डिसऑर्डर. थायरॉइड, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि पंडुरोग आधीच तपासून झाले होते. दारूचं मात्र नीट विचारावं लागलं, कारण रोज पिणाऱ्याला सकाळी दारू उतरताना हात थरथरणं, घाम, धडधड असं सगळं होऊ शकतं आणि ते झटक्यासारखंच दिसतं. इथे झटके आधीचे, दारू नंतरची. तरीही ती आगीत तेल ओतत होती, आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

आणखी एक गोष्ट तिसऱ्या भेटीत निघाली. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘क्यार’ चक्रीवादळ अरबी समुद्रात उठलं तेव्हा यांची बोट आसऱ्याला खाडीकडे निघाली होती. वाटेत इंजिन बंद पडलं, इंजिनाच्या खोलीत धूर भरला. तांडेल स्वतः आत उतरून चाळीस मिनिटं खटपट करत होते. वर लाटा अंगावर येत होत्या, पोरं देवाचं नाव घेत होती. शेवटी दुसऱ्या बोटीनं दोर टाकला. “काय झालं नाही,” तांडेल म्हणाले, “सगळे सुखरूप. मी तर त्या रात्री जेवलोही.” पुढच्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळात घराचे पत्रे उडाले. तेव्हाही काय झालं नाही. तीन वर्षांनी, शांत दर्यावर, त्याच खोलीत, त्याच वासात, त्याच महिन्यात छातीनं हिशेब मांडला.

पाठकोऱ्या कागदावरचं गणित

पॅनिकच्या रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगणं हा मला अन्याय वाटतो. झालेलं असतं. ते काय आहे हे सांगायला मला गेल्या काही वर्षांत उत्क्रांतीच्या दृष्टीनं केलेला विचार सर्वांत उपयोगी पडला आहे. तांडेलांच्या बाबतीत तर तो त्यांच्याच धंद्यातून सांगता आला.

मी एका पाठकोऱ्या रिपोर्टवर लिहायला घेतलं. विचारलं, आभाळ जरा बिघडलेलं दिसलं आणि तुम्ही जाळं न टाकताच परतलात, तर नुकसान किती? डिझेल, बर्फ, खलाशांचं रेशन धरून त्यांनी पंधरा हजार सांगितले. आणि परतायला हवं होतं पण परतला नाहीत, तर? ते थोडा वेळ गप्प राहिले. “बोट चाळीस लाखांची. माणसांचं काय लिहिणार?”

माणसं बाजूला ठेवू, म्हटलं. नुसती बोट धरू. चाळीस लाखांना पंधरा हजारांनी भागलं की येतात सुमारे २६६. म्हणजे अशा २६६ वेळांपैकी एकदाच खरं वादळ येणार असलं, तरी दर वेळी परत फिरणंच फायद्याचं. माणसं मोजली तर हजारात एक असलं तरी परतायचं. आता सांगा, ज्या २६५ वेळा वादळ आलंच नाही, त्या वेळी तुम्ही चुकलात का?

“नाही,” ते लगेच म्हणाले. “तांडेलाचं कामच ते.”

मग मी त्यांच्या छातीकडे बोट दाखवलं. इथेही एक तांडेल बसला आहे. त्याचं गणित हेच आहे.

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ रँडॉल्फ नेसे यांनी २००१ मध्ये हाच मुद्दा धूर ओळखणाऱ्या यंत्राच्या उदाहरणानं मांडला. ते यंत्र पोळी करपली तरी ओरडतं आणि आपण ते खपवून घेतो, कारण खऱ्या आगीत एकदाही गप्प राहिलेलं परवडणार नाही. नैसर्गिक निवडीनं घडवलेले खोकला, ताप, उलटी, वेदना, भीती हे सगळे बचाव असेच स्वस्तातले आणि उतावळे आहेत. खोटा इशारा थोडी शक्ती खातो, चुकलेला इशारा वंशच खातो. ज्यांची छाती वेळेवर धडधडली त्यांची पोरं जगली, आपण त्यांचे वंशज. आपण सुखी आहोत की नाही याच्याशी त्या निवडीला देणंघेणं नव्हतं. धुराचं यंत्र आमच्याकडच्या घरांत नसतं, पण वादळाच्या इशाऱ्याचा बंदरावरचा बावटा सगळ्यांना ठाऊक आहे. तीन नंबरचा बावटा लागला म्हणून दर वेळी वादळ येतं असं नाही. तरी बावटा लावणाऱ्याला कुणी वेडा म्हणत नाही.

तांडेलांनी तो कागद घडी करून खिशात घातला. पुढे कितीतरी भेटींत तो त्यांच्याकडे होता, घड्यांवर विरलेला.

झटक्यातलं एकेक लक्षण मग या नजरेनं पाहिलं. हृदय जोरात चालतं, कारण पळायला किंवा झुंजायला मांड्यांना रक्त हवं. घाम येतो, कारण पळताना अंग तापणार. हातपाय गार पडतात, कारण कातडीकडचं रक्त आत वळवलं जातं. आणि मुंग्यांसाठी आम्ही प्रयोगच केला. मी म्हटलं, माझ्याबरोबर तोंडानं जोरजोरात श्वास घ्या. हृदयाचे रिपोर्ट चांगले होते म्हणूनच हे केलं, कुणी वाचून घरी करू नये. दोघंही समोरासमोर बसून दमेकऱ्यासारखे धापा टाकत होतो. मिनिटभरानं त्यांनी बोटं डोळ्यांसमोर धरली. अंगठा आत वळायला लागला होता. “हेच,” ते म्हणाले, “अगदी हेच.” जास्त श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यानं मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आक्रसतात आणि चक्कर येते. रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी झालं की मुंग्या येतात. पळण्याची तयारी झाली आणि माणूस पळालाच नाही, खुर्चीत बसून राहिला, तर असं होतं. पाच मिनिटांत बोटं सरळ झाली. खोलीत ते मेले नव्हते, आणि या वेळी झटका त्यांनी स्वतः आणला होता.

थोरल्या भावाच्या त्या वाक्याला उत्तर द्यायला मला विंचू कामाला आला. कोकणात लाल विंचू कुणाला नवा नाही. त्याचं विष शरीरातल्या इशाऱ्याच्या रसायनांचे, अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांचे, लोंढे सोडतं: घाम, गार पडलेले हात, सैरभैर हृदय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या दंशावर वापरून किती जीव वाचवले हे इथल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. पुढच्या भेटीला भाऊ सोबत आले होते. त्यांना विचारलं, विंचू चावलेल्याला घाम फुटला तर त्याला भित्रा म्हणता का? रसायनं त्याच घराण्यातली आहेत. विंचवात ती विष सोडतं, इथे मेंदूतला पहारेकरी सोडतो. भाऊ काही बोलले नाहीत. पण जाताना औषधाची चिठ्ठी त्यांनी मागून घेतली.

मग रोज का?

इथे थांबलं तर ही नुसती गोष्ट झाली. खोटे इशारे असणारच हे त्या गणितानं कळतं. एका माणसाला ते देवळात आणि एसटीत का यावेत, हे त्यानं कळत नाही. उत्क्रांतीच्या नावानं बोलणारे बरेचदा नेमके इथे घसरतात आणि आजारालाच उपयोगी ठरवून मोकळे होतात. पॅनिक डिसऑर्डर उपयोगी नाही. उपयोगी आहे ती भीतीची क्षमता, आणि ती ज्या तऱ्हेनं बांधली गेली आहे त्या तऱ्हेनंच ती बिघडू शकते. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात तर मी असं काही शोधायलाही जात नाही. त्या आजारात मुलं सरासरीनं कमी होतात, आनुवंशिकतेचा वाटा मात्र मोठा असतो. तिथे प्रश्न ‘याचा फायदा काय’ असा नसून ‘निवडीला हे पुसता का आलं नाही’ असा आहे.

तांडेलांच्या बाबतीत बिघाड तीन जागी दिसला.

पहिली जागा इंजिनाची खोली. १९९३ मध्ये मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी असं मांडलं की गुदमरण्यापुरता मेंदूत वेगळा बावटा आहे आणि पॅनिकच्या रुग्णांत तो फार लवकर फडकतो. कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा दिली तर अशा रुग्णांना इतरांपेक्षा सहज झटका येतो, हे दिसलेलं आहे. कोंदट खोली, धूर आणि ‘क्यार’ची चाळीस मिनिटं ही शिकवणी त्या बावट्याला पुरेशी होती.

दुसरी जागा त्यांचं स्वतःचं हृदय. पहिल्या झटक्यानंतर पहारा बाहेरून आत वळला. जिना चढताना छातीची धडधड वाढली की मेंदू म्हणे, आलं वादळ. त्यानं धडधड आणखी वाढे. इशारा इशाऱ्यालाच घाबरत होता. आपल्या पूर्वजांसमोर धोका सहसा बाहेर होता, सापाचा, पुराचा, शत्रूचा, आणि त्यातून पळून जाता येत होतं. स्वतःच्या छातीपासून कुणी पळणार कुठे?

तिसरी जागा सगळ्यांत चिवट. दर वेळी ते माघारी फिरले आणि दर वेळी वाचले. आतल्या तांडेलानं वहीत लिहिलं: परतलो म्हणून वाचलो. न परतताही वाचलो असतो, हे तपासायची संधी त्याला एकदाही मिळाली नाही. ज्ञान तिथे पोहोचत नाही. डार्विननं १८७२ मध्ये लिहून ठेवलं आहे की लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाड काचेपलीकडच्या विषारी सापासमोर त्यानं तोंड नेलं, मागे हटायचं नाही असा पक्का निश्चय करून. सापानं झडप घातली आणि डार्विन गज-दोन गज मागे उडाला. काच आहे हे त्याला ठाऊक होतं. तांडेलांना तीन ईसीजी ठाऊक होते.

शहरी लेखांतून वाचायला मिळतं की मनाचे आजार वाढले ते आपण निसर्गापासून तुटलो म्हणून, आदिम मन आणि आधुनिक जग यांचा मेळ बसत नाही म्हणून. काही आजारांत त्यात तथ्य आहेच. पण हा माणूस वारा, भरती आणि मासळी यांवर जगतो. आजारी पडायला त्याला शहर लागलं नाही. बेमेळ म्हणावा असा एकच धागा मला सापडला, तो त्या फोनचा. पूर्वी आभाळ बिघडलं की हात लगेच काहीतरी करत, नांगर, दोर, शीड. आता रात्री दोनला शेकडो मैलांवरच्या वाऱ्याचे रंग दिसतात, जुन्या वादळांचे व्हिडिओ गटागटांतून फिरतात, आणि करण्यासारखं हातात काही नसतं. अ‍ॅप दिवसातून दोनदाच बघायचं, सकाळी आणि निघण्याआधी, हे आमचं पहिलं ठरलेलं काम होतं. दारू सोडण्यापेक्षा ते त्यांना जड गेलं.

“खरी भीतीही गेली तर?”

औषधाबद्दल तांडेलांची शंका अशी होती, की तिच्यासाठी मी या प्रकरणाची कायम ऋणी राहीन. “गोळीनं भीती मेली,” ते म्हणाले, “आणि दर्यावर खरंच वादळ आलं, तर मला कळणार कसं?”

या शंकेमागे अनुभव होता. नोव्हेंबरात कुणीतरी त्यांना झोप आणणारी, शांत करणारी गोळी दिली होती. ती घेऊन ते दर्यावर गेले आणि पहाऱ्याच्या वेळी उठलेच नाहीत. असल्या गोळ्या, वर क्वार्टर, आणि हातात सुकाणू हा मेळ मला कुठल्याही झटक्यापेक्षा भयंकर वाटतो.

मी त्यांना गप्पी माशांची गोष्ट सांगितली. गप्पी त्यांना माहीत होते, हिवतापवाले डासांच्या अळ्या खायला विहिरीत सोडतात तेच. ली ड्युगॅटकिन या शास्त्रज्ञानं १९९२ मध्ये गप्पींचे तीन गट केले. शिकारी मासा दिसला की पळणारे भित्रे, जवळ जाऊन बघणारे धीट, आणि मधले. मग ते शिकारी माशाबरोबर टाकीत ठेवले. ६० तासांनी भित्र्यांपैकी ४० टक्के उरले होते, मधल्यांपैकी १५ टक्के. धीटांपैकी एकही नाही.

तांडेल बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, “असं असेल तर धीट गप्पी आतापर्यंत संपले कसे नाहीत?”

वर्गात हा प्रश्न मला क्वचित ऐकायला मिळतो. शिकारी मासा सगळ्याच पाण्यात नसतो हे एक, आणि माद्या धीट नराकडे जास्त ओढल्या जातात असं नंतरच्या प्रयोगांत दिसलं हे दुसरं. भित्रेपणाला किंमत आहे तशी धिटाईलाही. म्हणून दोन्ही टिकतात, माशांत आणि माणसांतही. आयझॅक मार्क्स आणि नेसे यांनी १९९४ मध्ये लिहिलं होतं की भीती कमी असण्याचाही विकार असणार, फक्त ते लोक आमच्याकडे येत नाहीत. ते कुठे जातात हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. दर सुट्टीत, उधाणाच्या पाण्यात हसत उतरणारी मुलं आम्ही पाहतो.

त्यामुळे त्यांच्या शंकेला मी हसण्यावारी नेलं नाही. बहुतेक इशारे खोटे असल्यामुळेच ते औषधानं दाबणं सहसा धोक्याचं नसतं. तापावर गोळी घेतो ती याच भरवशावर. पण ‘सहसा’ हा शब्द दर्यावर मोजून वापरावा लागतो. म्हणून गुंगी आणणारं काही दिलं नाही. एसिटालोप्राम अगदी कमी मात्रेत सुरू केलं. पहिले पंधरा दिवस धडधड उलट वाढू शकते, हेही आधीच सांगितलं. ती वाढली. आधी सांगितलेलं असल्यामुळे त्यांनी गोळी सोडली नाही. हे औषध बावटा काढून घेत नाही, तो किती वाऱ्याला लागावा ती रेघ थोडी वर सरकवते. रेघ नेमकी कुठे हवी, ते शिकवायचं काम आमचं दोघांचं होतं.

उपचार

मार्चपासून जिन्यावरचा सराव. दवाखान्याचा जिना तीन वेळा धावत चढायचा, छाती धडधडू द्यायची, बसून तिच्याकडे लक्ष द्यायचं, पळायचं नाही. मग बारीक नळीतून श्वास. मग नांगरलेल्या बोटीवर बसणं. एप्रिलमध्ये बंद इंजिनाच्या खोलीत पाच मिनिटं, दहा, वीस. नियम एकच: भीती शिगेला असताना बाहेर यायचं नाही, ती उतरायला लागली की यायचं. पहिल्या दिवशी ती उतरायला चौतीस मिनिटं लागली. वहिनी वर फळीवर घड्याळ घेऊन बसल्या होत्या आणि खाली हाका मारत होत्या, “किती आली? दहातली किती?” नऊ. नऊ. आठ. नऊ. सात. ती वही माझ्याकडे आहे. वहिनींच्या अक्षरातले ते आकडे मी विद्यार्थ्यांना दाखवते.

दारू मे अखेरीपर्यंत सुटली.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. बोट किनाऱ्यावर ओढून शाकारलेली. ही बंदी आमच्या कामाला आली: दर्यावर का जात नाहीस, हा प्रश्न गावात दोन महिने कुणी विचारणार नव्हतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बिपरजॉय अरबी समुद्रात होतं. ते गुजरातकडे गेलं, पण आमच्या किनाऱ्यावर लाटा उंच होत्या आणि बंदरात बावटा लागला होता. तांडेलांचा फोन आला. मला वाटलं झटका आला. आवाज मात्र शांत होता. “मॅडम, आज भीती वाटतेय. पण आज सगळ्यांना वाटतेय. भाऊपण बोट बघून आला दोनदा.” मग त्यांनी सांगितलं की दोघांनी मिळून बोट आणखी वर ओढली, दोर दुप्पट केले, आणि दोर आवळताना छाती धडधडत होती ती त्यांना कामाची वाटली. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा भीती आणि धोका एका दिवशी आले होते. दोन्हींतला फरक मी तीन महिने तोंडानं सांगत होते. तो त्यांना त्या दिवशी हातातल्या दोरात कळला.

नारळी पौर्णिमेनंतर

त्या वर्षी अधिक श्रावण होता, नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. त्याआधी इंजिन चालू ठेवून सराव झाला होता, किल्ल्याला वळसा घालून दोन फेऱ्या झाल्या होत्या. नारळ सोडून ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्रीच्या फेरीला गेले, भाऊ बरोबर. ऑक्टोबरात एक पूर्ण झटका आला, दर्यावरच. बोट फिरवली नाही. खलाशाला सुकाणू दिलं, फळीवर बसून तो येऊन जाऊ दिला आणि मग जाळं ओढायला उठले. औषध त्यानंतर वर्षभर चाललं, मग हळूहळू उतरवलं. रात्री इंजिनाच्या खोलीत एकटं उतरायचं ते अजून टाळतात, पुतण्याला हाक मारतात. मी त्याचा आग्रह धरलेला नाही.

औषध बंद झाल्यावरच्या एका भेटीत वहिनी काळजीत होत्या. आठवड्यापूर्वी तांडेल अर्धी फेरी टाकून परतले होते. दुसऱ्या बोटी थांबल्या आणि भरून आल्या. वादळ-बिदळ काही नव्हतं. वहिनींना विचारायचं होतं, हा जुना आजार परत आला का?

मी तांडेलांना विचारलं, त्या दिवशी काय दिसलं? ते म्हणाले, पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा, वारा धरलाच नाही. पाण्याला दक्षिणेकडून फुगवटा होता, वारा नसताना. पक्षी खाली बसले होते. छातीचं विचारलं, तर जरा आठवावं लागलं. “असेल धडधडत,” म्हणाले. “मी पाण्याकडे बघत होतो.”

मी ते तसंच केसपेपरवर उतरवलं आणि सहा महिन्यांनंतरची तारीख दिली.